काळ्या पडद्यावरची दुसरी ओळ

पहिले दोन महिने मी रविवारचे पोहे बुडवले, आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती असं काकांचं आजही मत आहे. मी आता अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, रेडमंडला राहते, पाऊस बघत नोकरी करते. पण रविवारी त्यांचा फोन आला की अधूनमधून तो विषय निघतोच.

तेव्हा मी नॉर्थ कॅरोलिनात संख्याशास्त्रात मास्टर्स करत होते आणि तिथल्या कॅरी गावात काका-काकूंच्या घरी, गॅरेजच्या वरच्या बोनस रूममध्ये भाड्यानं राहत होते. काका माझ्या नात्यातले कुणी नव्हेत. मूळचे सोलापूरचे, इंजिनियर होऊन अमेरिकेत आलेले आणि एकाच कंपनीत सगळी नोकरी करून रिटायर झालेले गृहस्थ. मी अमरावतीहून दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन त्यांच्या दारात उतरले, तर त्यांनी पाण्याच्या ग्लासाबरोबर नऊ पानांचा भाडेकरार पुढे केला. माझे डोळे मिटत होते. मी शेवटचं पान काढलं आणि सही ठोकली.

"वाचलंस?" त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"हो काका."

"बरं," ते म्हणाले. माझ्या पिढीबद्दलचं त्यांचं सगळं मत त्या एका शब्दात आलं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी खालून पोह्यांचा वास वर यायचा आणि मी दूध-सीरियल खात बसायचे. न बोलावता कुणाच्या घरी जेवायला जाऊ नये, हे आईनं बजावून पाठवलं होतं. शेवटी एका रविवारी काकूच जिना चढून वर आल्या. "तुला पोहे आवडत नाहीत का गं?"

"आवडतात की. पण मला कुणी बोलावलंच नाही."

काकू जिन्यात जाऊन ओरडल्या, "अहो, हिला सांगितलं नाहीत तुम्ही?"

खालून आवाज आला, "करारात आहे! कलम अकरा!"

मी करार शोधून काढला. कलम अकरा असं होतं: भाडेकरूला दर रविवारी सकाळी नऊ वाजता पोहे मिळण्याचा हक्क राहील; घरमालक त्याची वेगळी आठवण करून देणार नाही. त्याखाली एक पोटकलमही होतं, की शेंगदाणे कमी असल्याची तक्रार फक्त काकूंकडे करावी. दोन महिन्यांचे आठ रविवार मी स्वतःच्या सहीनं घालवले होते. आईला फोनवर सांगितलं, तर तीही काकांच्याच बाजूनं बोलली.

मराठी मंडळात त्यांना सगळे 'अटीशर्ती काका' म्हणायचे आणि त्यांना ते माहीत होतं. सगळं जग जिथे 'आय ॲग्री' दाबून पुढे जातं, तिथे काका थांबायचे. करार छापून काढायचे आणि स्वयंपाकघराच्या कडेला कायम उघड्या असलेल्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून वाचायचे. बसून वाचलं की झोप येते आणि करार लिहिणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं, असं त्यांचं म्हणणं. कानावर पेन्सिल, हातात पट्टी. एकेक ओळ पट्टीखालून सरकायची. संपलं की शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात 'वाचले' असं लिहून तारीख घालायचे, आणि मगच बटण दाबायचे. ह्यामुळे काकूंचा फोन चारचार महिने अपडेट होत नसे, कारण त्याचा करार टेबलावर रांगेत असायचा. काकू काही वाट बघायच्या नाहीत. बाथरूममध्ये जाऊन गुपचूप 'ॲग्री' करून यायच्या.

"मी आयुष्यात एक करार वाचला नाही आणि माझं काही अडलं नाही," त्या मला म्हणायच्या. "लग्नसुद्धा असंच केलं."

काका सुरुवातीला प्रोग्रॅमर होते. पुढे त्याच कंपनीच्या लायसन्स विभागात गेले आणि तिथेच राहिले. कुठल्या कॉम्प्युटरवर कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या हक्कानं बसलंय हे तपासायचं, असं ते काम. त्यांना पाहिलं की ऑफिसातली माणसं लॅपटॉप मिटायची, असं ते स्वतःच हसत सांगायचे. नोकरी संपली, सवय राहिली.

माझी पाळी ऑक्टोबरात आली. मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. माझ्या लॅपटॉपमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टीम होत्या, एक नवी आणि एक जुनी. सुरू करताना बाण खालीवर करून हवी ती निवडायची. आमच्या लॅबमधल्या एका म्हाताऱ्या यंत्राचा डेटा वाचणारा प्रोग्रॅम फक्त जुनीवर चालायचा आणि माझा डिसेंबरचा प्रोजेक्ट सगळा त्या डेटावर होता. मी पटकन नवी निवडली, पण काका चहाचा कप घेऊन मागे उभे होते.

"दोन आहेत?"

"हो काका. ड्युअल बूट केलंय."

"नवी कुठून आली?"

"अपग्रेड केली. स्टुडंट ऑफर होती, स्वस्तात मिळाली."

"आणि जुनी?"

"ती लॅपटॉपबरोबरच आली होती. विकत घेतलेली आहे, काका. चोरीची नाही."

काकांनी खुर्ची ओढली. मी मनात म्हटलं, मेले.

"बोहारीण पाहिलीयस कधी?"

"पाहिलीय."

"तुझ्या आईनं बोहारणीला जुनी साडी देऊन पातेलं घेतलं. आता पातेलंही माझं आणि साडीही माझीच, असं म्हणता येईल तिला? अपग्रेड म्हणजे तेच. नवी स्वस्तात मिळाली ती जुनीच्या बदल्यात. जुनीचा हक्क तू देऊन टाकलास. आणि ती कपाटात ठेवून अधूनमधून नेसतेयस."

"पण काका, एका वेळी एकच चालते ना! दोन्ही एकदम कुठे चालतात?"

"खानावळीत दोन ताटं मांडून घेतलीस आणि म्हणालीस, मी एका वेळी एकाच ताटातलं खाते, तर मालक काय म्हणेल? मशीन एक असलं तरी इन्स्टॉल दोन आहेत. प्रत्येकाला आपापलं लायसन्स लागतं."

"मग मी काय प्रोजेक्ट कॅन्सल करू?" माझा आवाज चढला. "सगळं डिपार्टमेंट असंच करतं, काका. कुणाला काय फरक पडतो, यार!"

घरमालकाला 'यार' म्हटल्याचं माझ्या लक्षात आलं, पण मागे घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हते. तरातरा वर गेले आणि दार आपटलं. त्या रविवारी हक्क असूनही मी पोह्यांना गेले नाही.

पुढच्या गुरुवारी दार उघडलं तर उंबऱ्यावर कागदांचा गठ्ठा. आमच्या विद्यापीठाचा सॉफ्टवेअर करार, साठ-सत्तर पानं. शेवटाकडच्या एका पानाला पिवळी चिठ्ठी लावलेली आणि तिथल्या चार ओळींखाली पट्टीनं मारलेली रेघ. अभ्यासासाठी लागत असेल तर विद्यार्थ्याला त्याच मशीनवर जुन्या आवृत्तीचंही वेगळं लायसन्स विद्यापीठाकडून मिळेल, असं त्या ओळी सांगत होत्या. तेही फुकट. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, "साडी गेली ती गेली. ही दुसरी घे, आणि मग दोन्ही ठेव. वाचले."

मी खाली गेले. काका इस्त्रीच्या टेबलापाशी होते.

"हे सगळं वाचलंत तुम्ही?"

"शेवटपर्यंत. लोकांना वाटतं करार म्हणजे नुसतं हे करू नका, ते करू नका. 'करू नका' पहिल्या पानांवर असतं, ठळक अक्षरात. 'करा' मागे असतं, बारीक अक्षरात. तिथवर जातो कोण?"

"सॉरी काका."

"सॉरीचं काही नाही. रविवारी पोहे उरले, ते मला दोनदा खावे लागले."

मी त्या दिवसापासून त्यांची चेली झाले. वाचायला लागले. कंटाळा येतो हे खरं, पण पार्किंगच्या बोर्डावरची शेवटची ओळ वाचल्यामुळे माझी गाडी एकदा टो होता होता वाचलीय, तेव्हा तक्रार नाही.

काकांचा स्वतःचा कॉम्प्युटर त्यांच्या खालच्या खोलीत होता. पिवळट पडलेला जुना टॉवर. त्यातही दोन सिस्टीम होत्या आणि दोन्हींची लायसन्स टॉवरच्या कडेला सेलोटेपनं चिकटवलेली होती, दोन ताटं, दोन पावत्या. रोज सकाळी दहाला चहा झाला की काका तो सुरू करायचे. काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या आणि खाली आकडे उलटे चालू व्हायचे, तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. काही दाबलं नाही तर शून्यावर पहिली ओळ आपोआप उघडायची. काका काही दाबायचे नाहीत. हाताची घडी घालून तीस सेकंद बघत बसायचे. मग पहिली ओळ उघडली की पाकिटांवर चिकटवायचे दोनचार पत्ते छापायचे आणि मशीन बंद करायचे.

"काका, एंटर दाबा ना, लगेच सुरू होईल," मी एकदा म्हटलं.

"होऊ दे आपोआप."

"दुसऱ्या ओळीत काय आहे?"

"डॉस. जुनं."

"ते कधी उघडता?"

"नाही उघडत."

"मग काढून टाका की."

"आत जे आहे ते माझं नाही," काका म्हणाले. "दुसऱ्याची वस्तू आहे. वापरायचीही नाही आणि फेकायचीही नाही." आणि पत्ते छापायला लागले.

ती गोष्ट मला काकूंनी सांगितली, मेथी निवडताना. त्या मेथी बोटांनी चाचपून निवडायच्या, बघून नाही; ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"आम्ही इथे आलो तेव्हा फोन परवडायचा नाही," काकू म्हणाल्या. "मी सांगलीला आईला पत्रं लिहायचे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आईला लागायचं नाही, मग ती शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची. आता मास्तरांच्या देखत मी काय लिहिणार, कप्पाळ? थंडी आहे, बरी आहे, एवढंच. ह्यांनी ते बघितलं. बोलले काही नाहीत. एक आलेखाची वही आणली आणि रोज ऑफिसातून आले की त्यातले चौकोन भरत बसायचे. एकेक अक्षर असं चौकोनांतनं उभं केलं. 'ळ'ला तीन संध्याकाळी लागल्या. हिवाळा संपता संपता म्हणाले, ये, बस इथे, टाइप कर. मराठी, गं! आपल्या घरातल्या कॉम्प्युटरवर! छापून पाठवलं तर आईचं उत्तर आलं, मी स्वतः वाचलं, मास्तरांना दाखवलं नाही. मग मी लिहीतच सुटले. चाळीस पत्रं झाली असतील."

"मग?"

"मग ह्यांना कौतुक दाखवायची हौस आली. ऑफिसात साहेबाला दाखवलं. साहेबानं पाठ थोपटली, आणि दोन दिवसांनी कंपनीचं पत्र. नोकरीच्या करारात कलम सात आहे, नोकरीत असताना तुम्ही जे काही बनवाल ते कंपनीचं. सबब वापर बंद करावा. ह्यांनी त्याच संध्याकाळी बंद केलं. मी म्हटलं, अहो, घरात कोण बघतंय? तर म्हणाले, मी बघतोय ना."

काकूंनी निवडलेली मेथी चाळणीत टाकली.

"कंपनीनं त्याचं पुढे काहीसुद्धा केलं नाही. आणि ज्या कागदानं चावलं त्याच कागदाची ह्यांनी नोकरी धरली. पण माझी पत्रं आत राहिली. ती त्याच प्रोग्रॅममध्ये उघडतात. आईकडची प्रत पुराच्या पाण्यात गेली. मुलगा झाला त्याचं पत्र आत आहे. पहिल्या बर्फाचं आहे. एक नुसतं रडून लिहिलेलं आहे. आणि आता हे माझे डोळे. डॉक्टर म्हणतात, मधला भाग विरत चाललाय. इंजेक्शनं देतायत, पण वाचायचं ते वर्ष-दोन वर्षांत वाचून घ्या म्हणाले. मला ती पत्रं एकदा बघायचीयत गं. ह्यांच्याकडे मागितली नाहीत. मागितली तर ह्यांच्या जिवाची ओढाताण होईल."

मला काकांचा भयंकर राग आला. तत्त्व वगैरे ठीक आहे, पण बायकोचे डोळे चाललेत आणि हा माणूस रोज सकाळी हाताची घडी घालून बसतो! मी तशीच त्यांच्या खोलीत गेले आणि जे मनात होतं ते बोलून टाकलं. काकूंनी काही मागितलं नव्हतं, मीच मागत होते, हेही सांगितलं.

काका चिडले नाहीत. म्हणाले, "ते तीस सेकंद मी दुसरा कसला विचार करत असेन असं वाटतं तुला?"

माझा सगळा आवेश गेला.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "मी त्या लोकांच्या मशीनवरनं सॉफ्टवेअर काढायला लावलंय ज्यांची कारणं माझ्यापेक्षा मोठी होती. आता माझी पाळी आली म्हणून कलम सात वेगळं वाचू?"

"करार कुठेय?"

"पाठ आहे मला." आणि त्यांनी कलम सात इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवलं.

"मला वाचायचाय."

त्यांनी लोखंडी कपाटातून फाइल काढून दिली. टाइपरायटरवरची अकरा पानं, स्टेपलच्या पिना गंजलेल्या. मी कोपरा पाहिला. त्या घरात टोस्टरच्या वॉरंटीवरसुद्धा 'वाचले' होतं, ह्याच्यावर नव्हतं.

"काका, ह्याच्यावर 'वाचले' नाही."

ते खिडकीकडे बघत होते. "सही केली तेव्हा तुझ्यासारखीच केली. आणि नंतर सातव्या कलमापुढे कधी जाववलं नाही."

मी इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिले. पट्टी घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सुट्ट्या, विमा, गुपितं, कलम सात, मग बदलीचे नियम, मग सह्या. सह्यांच्या पानावर करार संपतो असं कुणालाही वाटेल. पण त्याच्या मागे आणखी एक पान होतं, उलटं स्टेपल झालेलं. जोडपत्र. कर्मचाऱ्यानं स्वतःच्या घरी, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या साधनांवर केलेलं आणि कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं काम कलम सातमध्ये धरलं जाणार नाही. मी तीनदा वाचलं. मग हाक मारली. मला वाटतं, किंचाळलेच.

काका आले. पट्टी माझ्या हातून घेतली, ओळीखाली धरली आणि पहिल्या शब्दापासून वाचू लागले. काकूही हात पुसत बाहेर आल्या.

"हे होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं, काका."

"पस्तीस वर्षं?"

काकूंना सगळं सांगितल्यावर त्या आधी हसल्या. खुर्चीत बसून, पोट धरून हसल्या. "शेवटचं पान! तुम्ही! शेवटचं पान राहिलं!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ करीन. पण आज नाही." आणि आत गेल्या. काका इस्त्रीच्या टेबलाला धरून उभे राहिले. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा म्हातारे वाटले.

मला वाटलं होतं, आता तरी जाऊन दुसरी ओळ उघडतील. छे. ते कंपनीला पत्र लिहायला बसले.

"अहो काका, जोडपत्रात स्पष्ट आहे ना!"

"मला स्पष्ट वाटतंय. पण फायदा माझा आहे तिथे अर्थही मीच लावायचा, हे बरोबर नाही. त्यांनी लिहून द्यावं."

आतून काकूंचा आवाज आला, "माझे डोळे तुमच्या पोस्टासाठी थांबणार आहेत का?"

काका त्याच दुपारी पोस्टात गेले. मधल्या काळात ती कंपनी दोनदा विकली गेली होती, तेव्हा कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ह्यातच त्यांचा अर्धा दिवस गेला. मग आम्ही वाट बघू लागलो. पाच आठवडे उलटून गेले. ह्या पाच आठवड्यांत काकांनी टॉवर सुरू केला नाही. दहा वाजता चहा प्यायचे आणि सोसायटीच्या टपालपेटीशी जाऊन उभे राहायचे, टपाल एकला येतं हे माहीत असून. एका शनिवारी लायब्ररीच्या सेलमधून केवढा तरी मोठा जुना मॉनिटर आणला आणि काकूंना समोर बसवून वेगवेगळ्या अंतरावर ठेवून पाहिला. "दिसतंय? आता? आणि आता?" काकू म्हणायच्या, "तुम्ही मधून बाजूला व्हा, म्हणजे दिसेल." त्यांचा राग उतरत चालल्याची ती खूण होती. सहाव्या आठवड्यात एक इंजेक्शन होतं. काकांनी ड्राइव्ह केलं, मी मागे बसले, आणि जाताना-येताना कुणी पत्राचं नाव काढलं नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. एकच पान. कंपनीच्या वकीलबाईंनी लिहिलं होतं की जोडपत्राप्रमाणे ह्या प्रोग्रॅमवर कंपनीचा हक्क नाही आणि कधी नव्हता; आधीचं पत्र चुकीनं गेलं असावं, त्याबद्दल दिलगिरी. खाली एक ओळ जास्तीची होती: जोडपत्र वाचून पत्र पाठवणारे आमच्या विभागाला भेटलेले तुम्ही पहिलेच. काकांनी ते इस्त्रीच्या टेबलावर नेलं. समोरून वाचलं, मागची बाजू कोरी होती तरी उलटून पाहिली आणि कोपऱ्यात 'वाचले' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

दुसरी ओळ उघडायची ठरली ती रविवारी. पोहे झाले. आम्ही तिघं खालच्या खोलीत गेलो. काकांनी टॉवर सुरू केला आणि मोठ्या मॉनिटरवर त्या दोन ओळी आल्या. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. काकांचा हात पुढे झाला आणि तसाच मागे आला.

"तू दाब," ते काकूंना म्हणाले.

काकूंनी चाचपून खालचा बाण शोधला. मग एंटर. टॉवरमधून घरघर ऐकू आली. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग पडद्यावर मराठी उमटलं. जाड, चौकोनी, ठिपक्याठिपक्यांचं, पण मराठी. मी 'ळ' शोधत होते.

पण ती पत्रं नव्हती. पानभर दुसराच मजकूर होता.

"हे काय?" काकूंनी मान तिरपी केली. समोरून त्यांना मधली अक्षरं दिसत नसत, कडेनं बघावं लागे.

"परवाना आहे," काका म्हणाले. ते पडद्याकडे न बघता स्वतःच्या शर्टाचं बटण चाचपत होते. "तेव्हाही होता. सुरुवातीलाच येतो. तू दर वेळी सरळ एंटर दाबायचीस."

काकू मोठ्यानं वाचू लागल्या. सावकाश, एकेक शब्द लावत.

"परवाना. हा प्रोग्रॅम एकाच व्यक्तीसाठी केला आहे. ती ह्या घरात राहते. मुदत, तिचं लिहून संपेपर्यंत. अटी नाहीत. शर्ती नाहीत. तिनं घर सोडून इतक्या लांब यायचं कबूल केलं, त्याच्या बदल्यात हे फार थोडं आहे, हे करणाऱ्याला माहीत आहे. तिच्यासमोर त्याला हे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिलं आहे. मान्य आहे का?"

खाली एक चौकोन लुकलुकत होता.

"चाळीस वेळा," काकू म्हणाल्या. "चाळीस वेळा मी हे न वाचता…"

"एकेचाळीस," काका म्हणाले.

काकूंनी चष्मा काढला, स्वेटरच्या बाहीनं पुसला आणि परत लावला. मला वाटलं, आता एंटर दाबतील. पत्रं त्या एका बटणापलीकडेच होती. पण त्यांनी हात मांडीवरच ठेवला.

"थांबा जरा. घाई नाही. मी हे पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचते," त्या म्हणाल्या. "आणि ती तुमची पेन्सिल द्या इकडे."

काकांनी कानावरची पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली.